गेटसमोरचा सायकल ट्रॅक आणि आपल्या गाड्या : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-५०३
नमस्कार. आपले रात्रपाळीचे वॉचमनकाका काल संध्याकाळी ड्यूटीवर येताना सातारा रोडवर, आपल्या गेटच्या अलीकडेच सायकलवरून पडले. कॉलरबोन मोडलंय, कोपर सोलवटलंय. डोक्याला लागलं नाही. मी भाजी घेऊन परत येत होते, सगळं डोळ्यांसमोर घडलं, म्हणून सविस्तर लिहिते.

क्लब हाउसमध्ये बारसं होतं. पाहुण्यांच्या गाड्या आत मावेनात म्हणून गेटपासून मेडिकलपर्यंत सायकल ट्रॅकवर ओळीने लावल्या होत्या. काका नेहमी ट्रॅकवरूनच येतात. काल वाटच नव्हती, म्हणून ते रस्त्यावर उतरले आणि गाड्यांना घासून, अगदी कडेकडेने येत होते. तेवढ्यात एका गाडीचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. दाराची कड हँडलला लागली, हँडल फिरलं आणि काका उजवीकडे, म्हणजे चालत्या ट्रॅफिकमध्ये पडले. मागच्या रिक्षावाल्या दादांनी रिक्षा आडवी घालून सगळं थांबवलं. त्यांच्या मागे पीएमपीची बस होती.

गाडी कोणाची, पाहुणे कोणाचे, याची चर्चा ग्रुपवर कृपया नको. त्या कुटुंबाने रात्रभर दवाखान्यात थांबून सगळं केलंय. माझं म्हणणं ट्रॅकबद्दल आहे. आपल्या गेटसमोर सायकलसाठी वेगळी जागा आहे, आणि ती कार्यक्रम असो-नसो, गाड्यांनी भरलेली असते. रात्री साडेनऊनंतर तर रोजच.

सेक्रेटरी
सकाळी दवाखान्यात जाऊन आलो. ऑपरेशन लागणार नाही असं डॉक्टर म्हणतात, पट्टा बांधून काही आठवडे विश्रांती. तोपर्यंतचा पगार सोसायटी देईल, कमिटीत सगळ्यांचं एकमत आहे. बदली वॉचमन आजपासून येईल.

ए-१०२
त्या रिक्षावाल्या दादांचा नंबर कोणाकडे आहे का? त्यांनीच काकांना दवाखान्यात नेलं आणि नाव न सांगता निघून गेले म्हणे. पोलिसांची कटकट नको वाटली असेल.

सी-३०१
मी मोटार अपघाताचे दावे चालवते, म्हणून दोन गोष्टी सांगते.

पहिली, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आलं. जखमीला मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-पत्ता द्यायची सक्ती करता येत नाही. हे घरातल्या तरुण मुलांना आवर्जून सांगा. भीतीपोटी लोक बघत उभे राहतात, आणि त्यात वेळ जातो.

दुसरी, प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि सायकलस्वार हा थर्ड पार्टीच असतो. त्याच्या सायकलचा विमा असण्याची गरज नाही. उभ्या गाडीचं दार लागून झालेली इजा हीसुद्धा वाहनाच्या वापरातून झालेली इजाच. म्हणून पोलिसांत नोंद करून घ्या, दवाखान्याची सगळी कागदपत्रं जपा. दावा अपघातापासून ६ महिन्यांत दाखल करायचा असतो, तेव्हा ‘बघू नंतर’ नको. काकांचं काम मी करून देईन, फी नाही.

सेक्रेटरी
मनापासून आभार, ताई. 🙏

ए-७०४
काकांबद्दल वाईट वाटतंच. पण दुसरी बाजूही मांडतो. आपल्याकडे फ्लॅट ९६ आणि पार्किंग ७० गाड्यांचं. बिल्डरने जे केलं ते केलं. उरलेल्यांनी गाडी कुठे लावायची? त्या ट्रॅकवर दिवसभरात सायकली किती जातात? मला तरी दिसत नाहीत. सातारा रोडसारख्या रस्त्यावर सायकल चालवणंच धोक्याचं आहे. आणि सायकलवालेही राँग साइडने येतात, सिग्नल पाळत नाहीत. सगळा दोष गाडीवाल्यांना देऊन चालणार नाही.

बी-५०३
दादा, ट्रॅकवर सायकली दिसत नाहीत कारण ट्रॅकवरून जाताच येत नाही. गेटपासून चौकापर्यंत चालत जाऊन बघा. आधी आपल्या गाड्या, मग महावितरणचा डीपी, मग रसवंतीची गाडी, मग बसस्टॉप, आणि पुढे ट्रॅक फूटपाथला मिळून संपतोच. त्यामुळे सायकलवाले रस्त्यावर असतात.

आणि ते कोण असतात तेही बघा. सकाळी सहाला गेटवर उभं राहिलं की दिसतात. पेपर टाकणारा मुलगा. दुधाचे क्रेट बांधलेले दादा. ए विंगला पोळ्या करायला येणाऱ्या ताई. इस्त्रीवाले. सातच्या शाळेची मुलं. आणि रात्री आपण झोपलो की गेटवर बसणारे काका. यांच्यापैकी कोणी हौस म्हणून सायकल चालवत नाही. ‘धोक्याचं आहे, चालवू नका’ हे आपण त्यांना सांगू शकत नाही, कारण दुसरं वाहन त्यांना परवडत नाही आणि त्या वेळेला बसही मिळत नाही. धोका त्यांनी तयार केलेला नाही. त्यांच्यासाठी आखलेल्या जागेवर आपण गाडी लावतो, तेव्हा आपल्या पार्किंगची किंमत ते भरतात. मला हे फार लागतं, म्हणून इतकं लिहिते आहे.

डी-२०१
मी ७८ वर्षांचा आहे. खडकीच्या कारखान्यात नोकरीला होतो. भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा निघायचा, मोटारवाला कडेला थांबून वाट बघायचा. सायकलला बिल्ला घ्यावा लागे. अंधार पडल्यावर दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की पोलीस अडवत. म्हणजे सायकलला नियम होते आणि मानही होता. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत, ते अशा कामगारांमुळे.

सी-६०४
काका, आराखड्यांत तो मान अजूनही आहे. रस्त्यांच्या डिझाइनमध्ये काम करतो म्हणून माहिती देतो. २००६ च्या अखेरीस कात्रज-स्वारगेट बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका, सुरू झाली, तेव्हा केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेच्या निधीतून रस्ता करताना बाजूने सायकल ट्रॅक आखले गेले. मग डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने पूर्ण शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, आठशेहून जास्त किलोमीटरच्या जाळ्याचा. कागद उत्तम आहे. त्याच सुमारास भाड्याच्या सायकलीही आल्या होत्या, आठवत असतील. त्या काही वर्षांतच दिसेनाशा झाल्या.

ट्रॅक फसतो तो मधल्या लांबीत नाही, तोंडांशी आणि चौकांत. प्रत्येक सोसायटीच्या गेटला ट्रॅक खाली उतरतो आणि परत चढतो, मग सायकलवाला वैतागून रस्ता धरतो. खरं तर ट्रॅक सलग सपाट राहायला हवा आणि गाडीने चढ चढून, वेग कमी करून तो ओलांडायला हवा. चौकात तर ट्रॅक गायबच होतो, आणि सर्वांत जास्त जपायला हवं ते तिथेच, कारण डावीकडे वळणारी बस किंवा डंपर सायकलवाल्याला चिरडतो तो तिथे.

बोलार्डचंही तेच, म्हणजे गाड्या आत येऊ नयेत म्हणून ट्रॅकवर लावतात त्या खांबांचं. अंतर कमी ठेवलं तर दूधवाल्या दादांची क्रेट बांधलेली सायकल जात नाही. जास्त ठेवलं तर मोटरसायकली घुसतात. मुंबईत बीकेसीमध्ये (वांद्रे-कुर्ला संकुलात) २०११ साली ट्रॅक झाला, त्यावर गाड्याच उभ्या राहायला लागल्या. मोटार वाहन सायकल ट्रॅकवर चालवायला नियमांत बंदी आहे, पण नुसत्या नियमाने ट्रॅक मोकळा राहत नाही. रोज कोणीतरी लक्ष द्यावं लागतं.

ए-७०४
म्हणजे तज्ज्ञही म्हणताहेत की आपल्याकडे हे जमत नाही. परदेशात ठीक आहे, त्यांचे रस्ते रुंद, लोकसंख्या कमी.

डी-४०२
माझी मुलगी युट्रेक्टला असते, मी तिच्याकडे राहून आले आहे. रस्ते रुंद नाहीत हो, आपल्या पेठांसारखे अरुंदही आहेत. आणि तिथेही हे पूर्वीपासून नव्हतं. १९७१ साली नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेच्या वर मुलं होती. आयाबाप रस्त्यावर उतरले, ‘मुलांचे खून थांबवा’ असं आंदोलनाचं नावच होतं. पुढे १९७३ मध्ये तेलटंचाई आली, रविवारी गाड्या बंद ठेवल्या गेल्या आणि रस्ता मोकळा असला की कसा वाटतो ते लोकांनी पाहिलं. त्यांनीही भांडूनच मिळवलंय.

बी-१०४
मला खरं सांगा, मुलाला सायकलवर शाळेत पाठवू की नको? आठवीत आहे, हट्ट करतोय. कालपासून माझी झोप उडाली आहे.

सी-६०४
ताई, पहिले काही दिवस मी त्याच्यासोबत येतो, मी रोज त्याच बाजूला सायकलनेच जातो. तोवर त्याला एवढं सांगा.

उभ्या गाड्यांच्या ओळीला चिकटून चालवायची नाही. दार पूर्ण उघडलं तरी लागणार नाही एवढं, मीटरभर तरी अंतर ठेवायचं. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. आपल्याकडे सायकलवाला हॉर्नला घाबरून कडेला जातो, आणि कडेलाच दारं असतात. मागच्या काचेतून आत डोकं दिसलं, किंवा ब्रेकलाइट नुकताच विझला, की दार उघडणार असं धरून चालायचं.

सिग्नलला बसच्या किंवा ट्रकच्या डाव्या अंगाला, पुढच्या दाराजवळ थांबायचंच नाही. त्याच्या आरशात आपल्याला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही. बसच्या मागे थांबावं, दोन मिनिटं उशीर झाला तरी चालेल.

मेडिकलसमोर पावसाळी गटाराची जाळी आहे. तिचे गज रस्त्याच्या दिशेने लांब बसवलेत. सायकलचं चाक त्या फटीत बरोबर जातं. गज आडवे असते तर हा प्रश्नच नसता, जाळी काढून फिरवून बसवायची एवढंच काम आहे. आणि मागे लाल दिवा हवाच, सकाळी सातलाही.

राँग साइडने जायचं नाही, हे ए-७०४ दादांचं बरोबर आहे. गल्लीतून बाहेर पडणारा गाडीवाला उजवीकडे बघत असतो. डावीकडून येणारी सायकल त्याला दिसतच नाही.

सी-३०१
आणि गाडीत बसणाऱ्यांसाठी एक सवय. ड्रायव्हरने दार डाव्या हाताने उघडायचं. डावा हात उजव्या दारापर्यंत नेला की अंग आपोआप वळतं आणि नजर आरशाकडे, मागे जाते. मागच्या सीटवर उजवीकडे बसणाऱ्यानेही तसंच. आमच्या घरी मुलांना लहानपणापासून लावलं आहे.

ए-३०३
आणि वेग? रात्री दहानंतर इथून गाड्या कशा जातात! ५० च्या वेगाने गाडी एका सेकंदात १४ मीटर जाते, म्हणजे पाय ब्रेकवर जाईपर्यंत तीन गाड्यांची लांबी संपली. ३० ला हेच आठ मीटर. काल संध्याकाळचं ट्रॅफिक तुंबलेलं होतं म्हणून रिक्षा वेळेत थांबली. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजार माणसं गेली, त्यात सायकलवाले चार हजारांहून जास्त. आपल्या चौकाच्या अलीकडे वेग कमी करायला काहीतरी मागायलाच हवं.

बी-५०३
मागूया. पण महापालिकेकडे जायच्या आधी आपल्या हातात आहे ते करू. सेक्रेटरी साहेब, माझी विनंती: आजपासून गेटसमोरच्या ट्रॅकवर एकही गाडी लागणार नाही, सभासदाची नाही आणि पाहुण्यांचीही नाही. क्लब हाउस बुक करतानाच फॉर्मवर पाहुण्यांच्या पार्किंगची जागा लिहून घ्यायची. जागा नसेल तर बुकिंग नाही.

सेक्रेटरी
कमिटीतल्या चौघांशी फोनवर बोललो. क्लब हाउसचा नियम आजपासून लागू. गेटवर तशी सूचना लावतो, आणि वॉचमनने सांगितल्यावर त्याच्याशी वाद घालायचा नाही, मला फोन करायचा. रोज रात्री ट्रॅकवर लागणाऱ्या सभासदांच्या गाड्यांचा प्रश्न मोठा आहे, तो रविवारी सभेत घेऊ.

ए-७०४
त्या गाड्यांमध्ये माझीही असते. सभेत मी विरोधच करणार होतो. अजूनही पर्याय दिल्याशिवाय बंदी योग्य नाही असंच माझं मत आहे. शेजारच्या शाळेचं मैदान रात्री रिकामं असतं. रात्री नऊ ते सकाळी सहा भाड्याने देतील का, मी उद्या विचारून येतो. ट्रस्टींपैकी एक जण ओळखीचे आहेत. झालं तर वीसेक गाड्यांची सोय होईल.

बी-५०३
दादा, हे झालं तर अर्धा प्रश्न सुटला. मनापासून आभार.

ए-१०२
महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना आपल्या प्रभागातली छोटी कामं सुचवता येतात, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून. जाळी फिरवणं, गेटपाशी ट्रॅक सपाट करणं, बोलार्ड, ही सगळी त्यात बसण्यासारखी कामं आहेत. अर्जाला बराच वेळ असेल तर जाळीसाठी वेगळी तक्रार लगेच करू. शेजारच्या दोन सोसायट्यांच्या सह्या मिळाल्या तर जोर येईल, मी त्यांच्या चेअरमनना विचारते.

डी-२०१
सह्या गोळा करायला मी बसेन. गेटवर टेबल टाकून द्या. संध्याकाळी मला वेळच असतो.

बी-५०३
चालेल काका, उद्या सहापासून. पत्राचा मसुदा मी रात्री इथे टाकते, सी-६०४ दादांनी तांत्रिक भाग तपासावा. जाळीचा फोटो लागेल, उजेडात काढलेला, आणि गजांमधल्या फटीवर मोजपट्टी ठेवून. ऑफिसला जाताना कोणी काढेल का? मेडिकलच्या पायरीसमोरची जाळी, चौकातली नव्हे.

ए-३०३
मी काढते. साडेआठला निघते आहे.