मदत हवी आहे: तळघराच्या अरुंद जिन्याची ओली भिंत

जिन्याची मोकळी रुंदी जेमतेम ८४० मिमी. डावी भिंत विटांची, कोरडी. तिला साधं प्लास्टर पुरे. अडचण उजवीची. ती काँक्रीटची, मागे थेट माती. ४५ सेंमी चौरस प्लास्टिक चारही कडांनी चिकटवून दुसऱ्या दिवशी काढलं, तर भिंतीकडच्या बाजूला थेंब. म्हणजे ओल भिंतीतूनच येतेय. खालच्या पायऱ्यांजवळ पांढरा खारही फुटलाय.

जिप्सम बोर्ड लावला तर ५० मिमीची चौकट आणि १२.५ मिमीचा बोर्ड, इतकी रुंदी गेलीच. शिवाय मागे ओल कोंडून बुरशी धरणार. थेट पुट्टी नकोच, खार तिचे पापुद्रे काढतो.

सध्याचा विचार असा: खार तारेच्या ब्रशने कोरडाच घासायचा (पाणी मारलं की तो विरघळून परत आत मुरतो), सिमेंटच्या वॉटरप्रूफिंग स्लरीचे दोन हात, वर १० मिमी चुन्याचं प्लास्टर आणि सिलिकेट रंग (वाफ बाहेर जाऊ देणारा खनिज रंग). कठडा डाव्या भिंतीवरच, कारण उजवीकडे प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला वाट.

प्रश्न दोन. स्लरीवर चुन्याचं प्लास्टर धरेल, की दुसरा हात ओला असतानाच त्यावर जाड वाळू मारून खरबरीत करावं? आणि भिंत-पायरीच्या सांध्यात गोलाई कशाची भरावी?