बिअर्डेड ड्रॅगनच्या (पाळीव सरड्याच्या) पिल्लासाठी काचेची छोटी टाकी की थेट मोठी?

मोठ्या टाकीत पिल्लू घाबरतं, म्हणून आधी छोटीच घ्या, असं बरेच जण सुचवतात. मला ते फारसं पटत नाही. बिअर्डेड ड्रॅगन साधारण वर्ष-दीड वर्षात पूर्ण वाढतो आणि मग त्याला किमान ४ × २ × २ फुटांची जागा लागतेच. म्हणजे दोनदा खर्च. पिल्लू बिचकतं ते जागेला नाही, उघडेपणाला. लपायला दोन-तीन आडोसे द्या, तीन बाजूंना बाहेरून कागद चिकटवा, झालं. मोठ्या टाकीत खायला सोडलेले किडे कोपऱ्यात दडून बसतात हे मात्र खरं, त्यासाठी वेगळ्या डब्यात खायला घाला.

लांबी हवी ती खरं तर तापमानासाठी. एका टोकाला दिव्याखालच्या दगडावर ४० अंश सेल्सिअसच्या आसपास, दुसऱ्या टोकाला पंचविशीत. दोन फुटी टाकीत हा फरक राखता राखता नाकी नऊ येतात, सगळी टाकीच तापते. यूव्हीबी ट्यूब (अतिनील किरण देणारा दिवा) काचेच्या झाकणावर ठेवू नका, काच ते किरण अडवते. आणि वाळू तर सध्या नकोच, साधा टिश्यू पेपर अंथरा. दिसायला भिकार दिसतो, पण शी पातळ झाली तर लगेच कळतं.