मदत हवी आहे: सीएसव्हीतली बिघडलेली देवनागरी काही नावांतच दुरुस्त होते

मंडळी, दोन दिवस एकाच ठिकाणी अडकले आहे.

सभासदांच्या यादीची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेला साधा मजकूर) मूळची युटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या मावतील अशा अक्षरसंकेतात होती; बीओएम, म्हणजे फाइलच्या सुरुवातीची संकेत ओळखायची अदृश्य खूण, नव्हता. सहकाऱ्याने ती डबल क्लिक करून स्प्रेडशीटमध्ये उघडली, नावांच्या जागी भलतीच युरोपीय अक्षरं दिसत असताना एक फोन नंबर बदलला आणि पुन्हा युटीएफ-८ मध्ये सेव्ह केली. मूळ प्रत कुठेच नाही.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत मजकूर वाचून तो विंडोज-१२५२ या पश्चिम युरोपीय अक्षरसंकेतात एन्कोड करते (अक्षरांचे बाइट, म्हणजे ० ते २५५ मधले आकडे करते), मग ते बाइट युटीएफ-८ म्हणून डिकोड करते (पुन्हा अक्षरं करते). 'राम', 'मीना' नीट येतात. 'प्रकाश', 'सुधा', 'झरीना' आले की एरर. एररकडे दुर्लक्ष करायला सांगितलं तर 'प्रकाश'चा 'परकाश' होतो, आणि 'झरीना'ची चक्क 'रीना'! याचीच जास्त भीती वाटते, कारण ते नाव वाचून कुणाला शंकाही येणार नाही. विंडोज-१२५२ऐवजी त्याच्यासारखाच लॅटिन-१ हा संकेत वापरला तर 'राम' सुटतो, 'मीना' अडकते. काय चुकतंय?

प्रतिसाद:
तुमची दिशा बरोबर आहे. विंडोज-१२५२ मध्ये १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ हे पाच बाइट रिकामे आहेत. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं. हलन्ताचा शेवटचा बाइट १४१, ऱ्हस्व उकाराचा १२९, 'ए'चा १४३, 'ऐ'चा १४४, 'झ'चा १५७. म्हणजे प्रत्येक जोडाक्षर यात सापडणार. विंडोज हे बाइट त्याच क्रमांकाची अदृश्य नियंत्रण-चिन्हं म्हणून ठेवून देतं, पायथन मात्र ती परत घ्यायला नकार देतं. एरर एन्कोड करतानाच येत असेल, तर तुमच्या फाइलमध्ये ती बहुधा अजून आहेत.

तेव्हा एकेक अक्षर घ्या. त्याचा क्रमांक या पाचांपैकी असेल तर तोच बाइट जसाच्या तसा ठेवा, बाकीची विंडोज-१२५२ मधून जाऊ द्या. सगळे बाइट जोडून झाल्यावर एकदाच डिकोड करा, आणि एरर दुर्लक्षित करायचा पर्याय काढूनच टाका.

एक विनंती, दुरुस्तीआधी मजकुराच्या कडेच्या मोकळ्या जागा छाटू नका. 'ठ'चा शेवटचा बाइट १६०, तो इथे न तुटणारी स्पेस होऊन बसतो. 'शेठ' छाटलात तर 'ठ' कायमचा गेला.

धागाकर्ती:
झालं! 'झरीना' परत आली. छाटणी मी खरंच आधी करत होते, ती ओळ आता शेवटी नेली. पण नवीन फाइल युटीएफ-८-सिगने (पायथनमधलं बीओएमसह युटीएफ-८) लिहिल्यापासून माझ्याच दुसऱ्या स्क्रिप्टला 'क्रमांक' हा पहिला स्तंभ सापडत नाही. हा बीओएमचा परिणाम का?

प्रतिसाद:
हो. २३९, १८७, १९१ हे तीन बाइट सुरुवातीला आले आणि त्यांचं अदृश्य चिन्ह 'क्रमांक'ला चिकटलं. वाचतानाही युटीएफ-८-सिगच द्या. बीओएम नसलेल्या फाइलीही त्याने नीट वाचल्या जातात.