मदत हवी आहे: 'पीटर गन'नंतर हेन्री मॅन्सिनीचे कोणते अल्बम ऐकावेत?

नमस्कार मंडळी,

अमेरिकन संगीतकार हेन्री मॅन्सिनी म्हटले की बहुतेकांना 'मून रिव्हर' हे गाणे आठवते. मला मात्र त्याआधीचा, ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या दणक्याचा मॅन्सिनी अधिक भावतो, आणि त्या वाटेने पुढे कुठे जावे याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

सुरुवात अर्थातच 'द म्युझिक फ्रॉम पीटर गन'पासून झाली. दूरचित्रवाणीवरच्या गुप्तहेर मालिकेच्या या संगीताला १९५९ साली, म्हणजे ग्रॅमी पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, सर्वोत्कृष्ट अल्बमचा मान मिळाला. शीर्षकधुनेत गिटार आणि पियानो खर्जातला एकच छोटा तुकडा अखेरपर्यंत घोळवत राहतात, खालची स्वरसंगती जागची हलत नाही, आणि तरीही वरून ब्रास (ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसारखी पितळी वाद्ये) कोसळू लागला की आता काहीतरी घडणार असे वाटत राहते. पियानोवर जॉन विल्यम्स आहे, पुढे 'स्टार वॉर्स'ला संगीत देणारा तोच, हे कळल्यावर मी ती धून केवळ डाव्या हातासाठी पुन्हा ऐकली.

त्यानंतर १९६० चा 'द ब्लूज अँड द बीट' जुन्या बाजारात मिळाला. त्याची एक बाजू संथ ब्लूजची आणि दुसरी उडत्या चालीची आहे. दुर्दैवाने माझ्या प्रतीत नेमका 'सिंग, सिंग, सिंग'वर ओरखडा असल्यामुळे सुई दर वेळी तिथेच मागे उडी मारते. १९६१ चा 'कॉम्बो!' मात्र मनात घर करून बसला आहे. अवघे अकरा वादक, व्हायोलिनचा मागमूस नाही, आणि ऑल्टो सॅक्सोफोनसाठी नावाजलेला आर्ट पेपर इथे चक्क क्लॅरिनेट वाजवतो. 'मिस्टर लकी' हॅमंड ऑर्गन आणि व्हायोलिनच्या ताफ्यामुळे गोड वाटला, पण मला हवा तो बाज तो नव्हे.

'मोर म्युझिक फ्रॉम पीटर गन' आणि 'युनिकली मॅन्सिनी' मी अद्याप ऐकलेले नाहीत. 'कॉम्बो!' आवडणाऱ्याने यांपैकी आधी कोणता घ्यावा? 'पीटर गन'ची मोनो आणि स्टिरिओ अशा दोन्ही तबकड्या ज्यांनी शेजारी ठेवून ऐकल्या आहेत, त्यांना ब्रासचा ठोसा कोणत्या प्रतीत अधिक भरीव वाटला?

शेवटची विचारणा इतर संगीत संयोजकांबद्दल (अरेंजर) आहे. जॅझ वाद्यवृंदाचा प्रमुख काउंट बेसी याच्यासाठी नील हेफ्टीने केलेले काम आणि बिली मेचे घसरत जाणारे सॅक्सोफोन परिचयाचे आहेत. पीट रुगोलोचे मात्र काहीच ऐकलेले नाही, तेव्हा त्याच्या कोणत्या वाद्यसंगीताच्या अल्बमपासून आरंभ करावा हे कृपया सुचवावे. गायन असलेले अल्बम तूर्तास नकोत.