मदत हवी आहे: दरडींवर काम करायचंय, सिव्हिल घेऊ की भूशास्त्र?

नमस्कार. मी पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. यंदा बारावी झाली, सीईटीला पीसीएममध्ये ९१ पर्सेंटाइल आहेत. कॅपचा (इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) ऑप्शन फॉर्म भरायला पाच दिवस उरलेत, म्हणून इथे विचारतेय.

२२ जुलै २०२१ ला शेजारच्या महाड तालुक्यात तळियेला दरड आली आणि ८० हून जास्त माणसं गेली. त्याच दिवशी आमच्या तालुक्यातही केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडी कोसळल्या. मी तेव्हा नववीत होते. आमच्या घरामागच्या चढावर त्या रात्री एक भेग पडली, हात आत जाईल एवढी. पप्पांनी तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून मधे सुतळी बांधली. तेव्हापासून दर पावसाळ्यात मी टेपने सुतळीवरून ते अंतर मोजते आणि वहीत लिहिते.

पुढे पाहणीला एक भूवैज्ञानिक आले होते. ते वरच्या मातीकडे फारसे बघेचनात. कापलेल्या बांधावर हातोडी मारत खाली खाली गेले आणि गेरूसारख्या लाल थरापाशी थांबले. मला म्हणाले, "बाळा, पाणी इथे अडतं. हा थर भिजला की वरचं सगळं सैल होतं." तेव्हापासून मला हेच शिकायचंय.

पण 'जिऑलॉजिकल इंजिनिअरिंग' नावाची शाखा कॅपच्या यादीत मला सापडत नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात सिव्हिल, एन्व्हायर्न्मेंटल आणि जिओ-इंजिनिअरिंग एकाच विभागात आहे असं वाचलं, ते आमच्या आवाक्यात नाही. पप्पा गवंडीकाम करतात. त्यांचं म्हणणं सिव्हिल घे, लोणेऱ्याचं विद्यापीठ जवळ आहे. मामा म्हणतो कॉम्प्युटर. सिव्हिलमध्ये दगड-डोंगर कितपत शिकवतात? आणि सिव्हिल करून जीएसआयमध्ये (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात) भूवैज्ञानिक होता येतं का?

गाभापेटी:
ताई, आधी ती वही जपून ठेव. सलग चार पावसाळ्यांची मोजणी पुष्कळ इंजिनिअरांकडेही नसते.

मी सिव्हिल केलं, आता बोगद्यांच्या तपासणीत आहे. सिव्हिलमध्ये इंजिनिअरिंग जिऑलॉजी हा बहुतेक ठिकाणी एकच विषय असतो, सोबत प्रॅक्टिकल: खनिजं ओळखा, खडक ओळखा, नकाशावरून छेद काढा. मुलं तो पाठ करून सोडून देतात. तू सोडू नकोस. खरी मजा पुढे सॉइल मेकॅनिक्स आणि फाउंडेशनमध्ये आहे. भिजलेल्या मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढला की मातीची घट्ट धरून राहण्याची ताकद कमी होते. तुला सांगितलेली लाल थराची गोष्ट तिथे गणितात मांडता येते: हा चढ किती पावसात सुटेल, पाणी काढून दिलं तर किती तग धरेल.

आमचं रोजचं काम सांगतो. ड्रिलने काढलेला खडक लाकडी पेटीत कप्प्याकप्प्यांत ओळीने लावतात. १० सेंटीमीटरपेक्षा लांब अखंड तुकड्यांची बेरीज करायची आणि ड्रिल केलेल्या लांबीने भागायची. त्याला आरक्यूडी म्हणतात. दीड मीटरच्या टप्प्यात असे तुकडे मिळून ९० सेंटीमीटर भरले तर ६० टक्के. काळ्या पाषाणात आकडा चांगला येतो आणि मधेच मांजऱ्या (मऊ खडक) किंवा लाल थर लागला की धाडकन खाली येतो. त्या पेटीसमोर बसून सिव्हिलवाला आणि भूवैज्ञानिक दोघं भांडतात. दोघांचं ऐकून घ्यावं लागतं.

जीएसआयचं मात्र नीट समजून घे. तिथल्या भूवैज्ञानिक पदासाठी यूपीएससीची भू-वैज्ञानिक परीक्षा असते आणि तिला भूशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. नुसत्या सिव्हिलच्या बी.टेक.वर बसता येत नाही.

तांबडमाती:
मी भूशास्त्राची, म्हणून दुसरी वाट सांगते. पुण्यात फर्ग्युसनला वगैरे बी.एस्सी. भूशास्त्र आहे. मग आयआयटींची जॅम परीक्षा, एम.एस्सी., आणि जीएसआयची दारं उघडतात. अभियांत्रिकीच्या जवळचं भूशास्त्र रुरकी आणि धनबादच्या आयआयटीत पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात आहे, पण तिथे जेईई ॲडव्हान्स्डनेच जाता येतं. एन्व्हायर्न्मेंटलची वेगळी बी.टेक. धनबादला आहे. दरडींसाठी मी ती सुचवणार नाही, तिथला भर पाणी, सांडपाणी, हवा यांवर असतो.

मला विचारशील तर, दरड का येते यात तुझा जीव असेल तर भूशास्त्र. ती थांबवायची असेल तर सिव्हिल. हे घाईत ठरवू नकोस, पण फॉर्मही चुकवू नकोस.

सुतळी (धागाकर्ती):
दादा, ताई, दोघांचेही खूप आभार. रात्री पप्पांना सगळं वाचून दाखवलं. थांबवायची आहे, हे मी पटकन म्हणाले, मग लक्षात आलं की आजवर असा विचारच केला नव्हता. पप्पा म्हणाले, २०१६ ला सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला त्याच्या आदल्या आठवड्यात ते त्यावरून गेले होते. इतक्या वर्षांत हे त्यांनी घरात कधी सांगितलं नव्हतं.

आता खर्चाचं. आमचं ओबीसीत येतं, उत्पन्न आठ लाखांच्या बरंच खाली. मुलींची फी माफ आहे ना? आणि एम.टेक.पर्यंत घरच्यांवर भार टाकणं मला जमणार नाही.

गाभापेटी:
हो. २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅपमधूनच घ्यायचा. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर आत्ताच तहसीलला टाक, या दिवसांत तिथे रांग असते. वसतिगृह आणि मेसचा खर्च मात्र धर. एम.टेक.साठी गेट दे. गेटमधून प्रवेश मिळाला की महिन्याला १२,४०० रुपये मिळतात, मी त्यावरच दोन वर्षं काढली. शाखा जिओटेक्निकल घे, म्हणजे माती-खडकांचं इंजिनिअरिंग.

सुतळी:
उद्या सकाळच्या एसटीने तहसीलला जातेय. एकच शेवटचं: भेगेच्या मोजणीत यंदा जूनमध्ये ४ मिलिमीटर वाढ दिसतेय, पण सुतळी बदलली होती. हे आकडे धरायचे की सोडून द्यायचे?

तांबडमाती:
सोडू नकोस. सुतळी ओली-सुकी झाली की ताणते-आखडते, म्हणून मोज खुंटी ते खुंटी, स्टीलच्या टेपने, आणि खुंटीच्या माथ्यावर खिळा ठोकून त्याच खुणेवर. सुतळी बदललेली तारीख वहीत लिही. आणि वाढ थांबली नाही तर वहीसकट ग्रामपंचायतीत जा. जोराचा पाऊस लागला की रात्री त्या घरात झोपू नका, हे पप्पांना माझ्याकडून सांग.