प्रति: काचेच्या घुमटातलं चारशे दिवसांचं घड्याळ

‘किल्ली दिली की पाच मिनिटांत थांबतं, म्हणजे मेन स्प्रिंग गेली’ हे वरचं निदान मला पटत नाही. एका किल्लीवर चारशे दिवस चालणाऱ्या या घड्याळाचा लंबक झुलत नाही, आळीपाळीनं दोन्ही बाजूंना गोल फिरतो. आधी तो जिच्यावर लटकतो ती केसासारखी पातळ पट्टी बघा. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी रंगकामाच्या वेळी लंबक हलू नये म्हणून अडकवून ठेवायचं सोडून कुणीतरी घड्याळ तसंच उचललं, पट्टीला बारीक मोड पडली. चिमट्यानं सरळ केली, पण छे! नवी घातली ती चुकून जरा जाड, तर घड्याळ पुढेच पळायला लागलं. बहुतेक मॉडेलांत मिनिटाला आठ टिक पडतात, ते मोजून बघा. शिवाय टिक पडल्यावरही लंबक दोन्ही बाजूंना सारखाच थोडा पुढे फिरायला हवा. नव्या पट्टीची जाडी ठरवायला आधी मागच्या पितळी प्लेटवरचा शिक्का वाचा, त्यावरून मॉडेल ओळखता येतं.