तीन दिवसांचं मिशनरी आरोग्य शिबिर: दहाव्या दिवशी पेशंट कोणाचा?

सातपुड्याचा डॉक्टर

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी नऊ वर्षं मेडिकल ऑफिसर होतो. दर हिवाळ्यात एखाद्या चर्चची टीम यायची. पुण्या-मुंबईचे डॉक्टर, कधी सोबत परदेशी पाहुणे, आश्रमशाळेच्या व्हरांड्यात तीन दिवस शिबिर. माणसं भली. थंडीत फरशीवर झोपायची, पाड्यावरची भाकरी आवडीनं खायची. तरीही माझं मत असं झालंय की ही शिबिरं बंद व्हावीत.

एका शिबिरानंतर महिना-सव्वा महिन्यानं एका बाईला बाजेवर घालून आणलं. वय पन्नाशीचं, तोंड वाकडं, उजवा हात लुळा. नवऱ्यानं बंडीच्या खिशातून कागदाची पुडी काढून माझ्यापुढे धरली. पुडी रिकामी, तरी जपून घडी घातलेली, वर निळ्या शाईत इंग्रजी अक्षरं. बीपीच्या तीस गोळ्या होत्या. गोळ्या संपल्या म्हणजे आजार संपला, असं दोघांनी धरलं. ही गोळी सोडायची नसते, हे त्यांच्या बोलीत कुणी सांगितलंच नव्हतं. तीच गोळी आमच्याकडे फुकट मिळते, हेही नाही. शिबिरात तिचं बीपी किती भरलं होतं ते मला आजही माहीत नाही, कारण केसपेपर टीमबरोबर परत गेले.

दुसरं, 10 फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. अंगणवाडीत पोरांना गोळी दिली, की पंधरा दिवसांत शिबिरात तीच गोळी पुन्हा. त्यानं पोरांचं फार बिघडत नाही. पण आधी सिस्टरला एक फोन करावा, इतकंही कुणाला सुचलं नाही, याचा मला राग येतो.

तीन दिवस तपासलेला पेशंट दहाव्या दिवशी कोणाचा, याचं उत्तर नसेल तर येऊ नये.

नेवाशाची लेक

डॉक्टर, वाचून वाईट वाटलं. त्या बाईसाठी, आणि थोडं आमच्यासाठीही.

मी ख्रिस्ती आहे आणि डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. वर्षातून दोनदा आमच्या मंडळीच्या टीमबरोबर तपासणीला जाते. आम्ही शाळेत टेबल टाकून ऑपरेशन करत नाही. मोतीबिंदू निघाला की पेशंटला बसनं हॉस्पिटलात नेतो, दुसऱ्या दिवशी पट्टी काढतो, ड्रॉप कसे घालायचे ते सुनेला दाखवतो, महिन्यानं परत बोलावतो. गेल्या खेपेला एका आजीनं पट्टी निघाल्याबरोबर स्वतःच्या हाताकडे पाहिलं. बांगडी फिरवून फिरवून बघत राहिली. हे बंद करा म्हणता?

आणि मिशनचं काम म्हणजे तीन दिवसांची फेरी, असं म्हणू नका. वॉनलेस डॉक्टर 1889 साली भारतात आले. 1894 ला मिरजेत त्यांचं हॉस्पिटल उभं राहिलं आणि ते 1928 पर्यंत इथेच राहिले. आमच्याच तालुक्यात वडाळ्याचं मिशन हॉस्पिटल. तिथे रजनीकांत आणि मेबल आरोळे या दांपत्यानं काम केलं.

सातपुड्याचा डॉक्टर

ताई, मोतीबिंदूचं मान्य. ते काम एकदा करून संपतं, आणि तुमच्यामागे हॉस्पिटल उभं आहे. माझं भांडण गोळ्यांच्या शिबिराशी आहे.

पण आरोळ्यांचं नाव काढलंत ते माझ्याच बाजूचं आहे. वडाळ्यात त्यांना दिसलं की बरे करून पाठवलेले लोक त्याच आजारांनी परत येतात, आणि त्यातले बरेचसे आजार टाळता येण्यासारखे आहेत. म्हणून 1970 साली ते जामखेडला गेले आणि गावातल्याच बायकांना शिकवलं. कित्येक निरक्षर, कित्येक दलित. बाळंतपण, जुलाबाला साखर-मिठाचं पाणी, गरोदर बाईचं वजन, सगळं त्या बघू लागल्या. 1979 ला दोघांना मॅगसेसे मिळालं. श्रद्धा त्यांचीही ख्रिस्तीच होती. पण ते राहिले, हा फरक आहे.

पाड्यावरचा

मी भिल्ल समाजातला आहे, त्यामुळे माझा मुद्दा वेगळा. लहानपणी माझ्या बहिणीला घेऊन आई अशाच एका शिबिराला गेली होती. टोकन वाटायच्या आधी सगळ्यांना उभं करून प्रार्थना म्हणायला लावली. आई म्हणाली, पोरगी तापानं फणफणलीय, मी काय, जे म्हणायला सांगतील ते म्हणेन. हे वाक्य मी विसरलो नाही. कडेवर आजारी मूल असलेली बाई 'नाही' म्हणू शकते का? कुणी कुठला धर्म घ्यावा ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण औषधाच्या रांगेत नको.

नेवाशाची लेक

दादा, तुमच्या आईला तसं उभं केलं ते चूकच. आमच्या टीममध्ये असं होत नाही. सकाळी निघायच्या आधी आम्ही आपापसात प्रार्थना करतो. ऑपरेशनला नेताना म्हातारं माणूस घाबरलं की मी मनातल्या मनात त्याच्यासाठी करते, आणि ते मी सोडणार नाही.

मात्र हा नियम सगळ्यांना लावा. पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शिबिरातही आधी भाषण ऐकावं लागतं, मग चष्मा मिळतो.

मिरजकर, अटलांटा

माझं नर्सिंग मिरजेला झालं, आता अमेरिकेत आहे. इथल्या सहकाऱ्यांच्या चर्चबरोबर दोनदा ग्वाटेमालाला गेले, आतीत्लान सरोवराच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या माया लोकांच्या गावांत. डॉक्टर इंग्रजीत विचारणार, एक मुलगी त्याचं स्पॅनिश करणार, गावातली बाई स्पॅनिशचं किचे, म्हणजे त्यांची माया बोली, करणार, आणि उत्तर त्याच वाटेनं परत. एका आईनं खूप वेळ, हात हलवून हलवून सांगितलं. आमच्यापर्यंत पोचलं एवढंच, 'खोकला आहे.' आम्ही सिरप दिलं. संध्याकाळी तिच्या घरावरून गेलो तर दारातून चुलीचा धूर लोटत होता आणि आत पोर झोपलेलं. ती बहुतेक तेच सांगत होती.

दुसऱ्या खेपेनंतर मी जाणं थांबवलं. माझ्या विमानाच्या तिकिटाचे पैसे तिथल्याच एखाद्या नर्सच्या पगाराला लागले तर जास्त बरं, असं माझं ठाम मत झालं. टीममधल्या मैत्रिणींना हे आवडलं नाही. त्यांचं म्हणणं, प्रत्यक्ष न जाणारा माणूस पैसेही देत नाही. त्यात तथ्य आहे, पण त्यासाठी पेशंटनं आपली शाळा व्हावं, हे मला पटत नाही.

अक्कलकुव्याची आशा

मी आशा कार्यकर्ती आहे. डॉक्टरसाहेब, बंद करा म्हणू नका. आमच्याकडून दातांचा डॉक्टर गाठायचा म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, वर जीपचं भाडं. गेल्या वर्षी टीम आली तेव्हा एका दिवसात बावीस दात काढले. त्यातले काही जण वर्षभर तंबाखूची मशेरी दाबून ठणका सोसत होते.

पण तुमचं तेही खरं आहे. म्हणून गेल्या वर्षी मी त्यांच्या म्होरक्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं, बीपी-शुगरवाल्यांच्या टेबलाशी मी बसणार. त्या लगेच हो म्हणाल्या. त्या तपासायच्या, मी आमच्या बोलीत सांगायची आणि माझ्या वहीत आकडा लिहायची. चौदा नवीन बीपीवाले निघाले. त्यांनी गोळ्या सातच दिवसांच्या दिल्या आणि आठव्या दिवशी सिस्टरकडे पाठवायला सांगितलं. मी घरोघर फिरले. अकरा जण आले. दोघं ऊसतोडीला गुजरातेत गेले. एक म्हातारा येतच नाही, भगताकडं जातो. त्याच्या दारात मी अजून जाते.

या जानेवारीत ते परत येणार आहेत. तारीख बाजाराच्या दिवशी ठेवू नका आणि केसपेपर उपकेंद्रात सोडून जा, एवढं कळवलंय. ऊसतोडीवाल्या दोघांच्या घरच्यांकडून फोन नंबर घेतलेत, त्यांच्या मुकादमाचा अजून मिळायचा आहे.